एका ओळीत एकच जोडाक्षर

९ जानेवारी

आजी,

पोचल्यावर फोन केला तेव्हा मोठी आजीच सगळं बोलली आणि तू मागून "जेवली का विचारा" एवढंच ओरडत राहिलीस. म्हणून हे पत्र. शिवाय तुला एका कागदाविषयी विचारायचं आहे.

इथल्या कचेरीत मला जे काम दिलंय ते ऐकून तू हसशील. आपल्याच शहराचं आहे. नदीकाठचा उड्डाणपूल, तोच, आपल्या गल्लीच्या तोंडाशी उतरतो तो. नगरपालिकेने विचारलंय, हा पाडला तर काय होईल? लांबच्या गाड्या शहराबाहेरच्या वळणरस्त्याने काढायच्या, काठाने ट्राम चालवायची, आणि बाकी साधा रस्ता ठेवायचा, सिग्नलला थांबणारा, हातात पिशवी घेऊन ओलांडता येईल असा. मी दिवसभर नकाशावर अंतरं मोजते. आपल्या उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत पूर्वी दोनशे दहा पावलं होती. आता पुलाच्या उताराच्या भिंतीला वळसा घालून भुयारी मार्गाने जायचं तर पाऊण तास लागतो.

जुन्या फायली चाळताना एक अर्ज सापडला, अडतीस वर्षांपूर्वीचा. पूल बांधावा म्हणून. खाली आपल्या गल्लीतल्या एक्केचाळीस बायकांचे अंगठे आणि सगळ्यात वर एक सही. ती तुझी आहे, आजी. शेवटच्या अक्षराची शेपटी तू अजून तशीच ओढतेस. लगेच खाली तुझ्या जाऊबाईंचा, मोठ्या आजीचा अंगठा.

मला आधी हसू आलं. या पुलाला 'राक्षस' सोडून दुसरं नाव तू कधी घेतलं नाहीस. आणि तो मागायला पहिली सही तुझी?

टिटवी


१६ जानेवारी

टिटवे,

तुझं पत्र पोस्टमनने थोरलीच्या हातात दिलं. तिने ते उलटंसुलटं केलं, म्हणाली, पोरीचं आहे, वाच. वाचलं. म्हणजे तुझी खोली, तुझी कचेरी, आणि तुला झालेला खोकला. खोकला तुला झालेला नाही हे मला माहीत आहे, पण मधली जागा कशाने तरी भरावी लागते. कागदाचं काही मी तिला वाचून दाखवलं नाही.

यापुढे फोन नको. मला नीट ऐकू येत नाही म्हणून तो भोंगा लावावा लागतो. भोंगा लावला की थोरली ऐकते आणि थोरलीने ऐकलं की गल्लीने ऐकलं. जे असेल ते लिही. लिहिलेलं तिला दिसतं, कळत नाही. तिला कमी लेखत नाही, आहे ते सांगते.

सही माझी आहे. त्या वेळी गल्लीतल्या बायकांत सही मला एकटीला यायची. ज्याला येतं त्याला पुढे ढकलतात, जगाची रीत आहे. कारकून आला, त्याने कागद आणला, सगळ्यांनी केलं, मी केलं. अडतीस वर्षांत माणसाला स्वतःचं लग्न नीट आठवत नाही, अर्ज कुठला आठवणार? तो कागद होता तिथे ठेव. पुरलेलं मांजर उकरून त्याच्या मिशा मोजू नयेत.

थंडीने थोरलीची कंबर धरली आहे. दोन वेळा मी शेकून देते. शेजारच्या मास्तरीणबाई कौतुकाने म्हणाल्या, जावा असाव्यात तर अशा. मी म्हटलं, तुमचा चहा निवतोय.

वेळेवर जेव.

आजी


२४ जानेवारी

आजी,

कागद होता तिथे ठेवता येत नाही. माझ्या आधीच वाहतूक खात्याच्या हाती त्याची नक्कल गेली आहे. चौदा मार्चला नगरपालिकेत सुनावणी आहे आणि त्यांचा सगळा भर त्याच्यावर आहे. म्हणतात, पूल आम्ही लादला नाही, काठावरच्या बायकांनी मागितला. आज त्यांचीच नातवंडं पाडा म्हणतायत, उद्या परत बांधा म्हणतील. आमच्याकडे ट्रामचे नकाशे आहेत, गाड्यांचे आकडे आहेत. त्या एक्केचाळीस अंगठ्यांना उत्तर नाही.

आणि ऐक. काल तू बाजारात असताना मी मोठ्या आजीला फोन केला. सहज विचारलं, पेपरातलं पुलाचं ऐकलंस का? म्हणाली, छे, धाकटी रोज सकाळी पेपर वाचून दाखवते, त्यात पुलाचं अवाक्षर नसतं. आजी, चार दिवस ती पहिल्या पानावरची बातमी आहे. तू तिला नक्की काय वाचून दाखवतेस?

मला खरं सांग. तुम्हाला दमदाटी झाली होती का? की कसलं आमिष दाखवलं होतं? तसं असेल तर तो अर्ज आम्हाला खोडून काढता येईल. तू काहीतरी वगळते आहेस. मी दुसरीत असताना वाचताना एक जोडाक्षर गाळलं तर तू ताट मागे ओढायचीस. आई तुझ्या पाया पडायची, अहो जेवू द्या तिला. आणि आता तूच गाळतेस?

टिटवी


३० जानेवारी

टिटवे,

मी घरात नसताना फोन करायचा नाही हे सांगायचं राहिलं होतं. आता सांगितलं.

मला दमदाटी करणारा अजून जन्माला यायचा आहे. आमिषाला भुलायला मी मासा नव्हे. पेपरात सतरा बातम्या असतात, सगळ्या वाचत बसले तर दूध उतू जाईल.

तुमच्या नकाशांनी पूल पडत नसेल तर नकाशे नीट काढा. म्हाताऱ्यांच्या अंगठ्यांवर रेलू नका.

आजी


११ फेब्रुवारी

टिटवे,

बारा दिवस झाले, तुझं पत्र नाही. तू रागावलीस की शहाणी झालीस हे कळत नाही, आणि दोन्ही मला सोसत नाही म्हणून लिहिते. थोरली समोर बसून वाटाणे सोलते आहे. विचारते, एवढं काय लिहितेस धाकटे? मी म्हटलं, तुमच्या कंबरेचं. खोटं नाही ते.

तो अर्ज तू वाचलास. वरची ओळ एकच आहे, मला पाठ आहे. नदीकाठाने उड्डाणपूल बांधावा, आमची हरकत नाही. आता हीच ओळ माझ्या तेव्हाच्या डोळ्यांनी बघ.

मी शाळेत अर्धी दुसरी केली. जोडाक्षरांचा धडा सोमवारी सुरू व्हायचा होता. शनिवारी बापाने मला भावंडं सांभाळायला घरी बसवलं. मला साधं अक्षर यायचं, काना-मात्रा यायची. जोडलेलं अक्षर आलं की मी त्याच्यावरून उडी मारायची आणि पुढच्या शब्दावरून अंदाज बांधायची. बहुतेक वेळा जमायचं. गल्ली म्हणायची, धाकटी फडाफडा वाचते. मी म्हणू द्यायची.

त्या ओळीत जोडाक्षर एकच आहे. आधी उ, मग ती गाठ, मग णपूल.

आम्हाला पूल हवाच होता गं. सूतगिरणी पलीकडच्या काठाला. अर्ध्या गल्लीच्या बाया तिथे कामाला. जुन्या पुलाने गेलं तर तास मोडायचा, होडीने जावं तर पाणी चढलं की खाडा. चालत जायला पूल द्या म्हणून आम्ही दोन वर्षं नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या. मग एक दिवस कारकून आला. म्हणाला, तुमच्या पुलाचा कागद आणलाय. तो फसवायला आला नव्हता. त्याच्या लेखी सगळे पूल पूलच.

दुपारची वेळ, नळावर सगळ्या जमलेल्या. थोरलीच्या हातात ओलं धुणं होतं. बारा घरांचे कपडे ती धुवायची, नदीच्या पायरीवर. ती म्हणाली, धाकटे, नीट वाच, माझं पोट पाण्यावर आहे. मी वाचायला लागले. उ पाशी आले आणि थांबले. कारकुनाने विचारलं, काही अडलं का?

एवढंच विचारलं त्याने. हो म्हटलं असतं तर त्याने सांगितलं असतं, बरा माणूस होता. पण एक्केचाळीस बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि त्यांच्यात वाचणारी मी एकटी. मी म्हटलं, नाही. आणि मोठ्याने वाचलं, नदीकाठाने पूल बांधावा. थोरलीने ओला अंगठा पदराला पुसला आणि सगळ्यांच्या आधी टेकवला.

चूक इथे संपली असती तर मी तुला इतकं लिहिलं नसतं. चूक कुणाच्याही हातून होते. पुढच्या वर्षी काठावर पाटी लागली, हाताएवढ्या अक्षरांची. गाठ मी लांबून ओळखली, माणूस ओळखावा तशी. पेपरवाल्याला विचारलं, काय लिहिलंय हो, मी चष्मा विसरले. चष्मा मला तेव्हा नव्हताच. तो म्हणाला, उड्डाणपूल होणार, खांबांवरून जाणारा मोटारींचा रस्ता. आणि खाली बारीक लिहिलं होतं ते त्याने आपणहून वाचलं. कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत कळवावी.

तीस दिवस होते, टिटवे. नळावर जाऊन एवढंच म्हणायचं होतं, बायांनो, मला वाचता आलं नव्हतं, चला अंगठे मागे घेऊ. मी रोज नळावर जायची आणि रोज घागर भरून परत यायची. एकतिसाव्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

पुढचं तुला माहीत आहे. भिंत आली. थोरली भिंतीच्या फटीतून पायरीवर जायची, डोक्यावर गाठोडं घेऊन, उतारावरून येणाऱ्या गाड्या चुकवत. तिसऱ्या वर्षी ट्रकने उडवलं. कंबर मोडली, धुणं सुटलं. भावजी पुढे वर्षभरात गेले. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे आणि लोक म्हणतात जावा असाव्यात तर अशा.

तुला जोडाक्षरं का घोटून घेतली ते आता कळलं असेल. मी तुला शिकवत नव्हते. तुझ्या पुस्तकात बघून मीच शिकत होते.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी खाल्लं आणि खवखव गिळत बसले. हे तुझ्या साहेबांना सांग. तिला सांगणं मला जमायचं नाही.

आजी


१७ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू मोठ्या आजीची कंबर शेकतेस ते बघून मला लहानपणी वाटायचं, माया म्हणजे हे. आता काय वाटतं ते मला सांगता येत नाही. माया नसेल असं म्हणत नाही.

साहेबांना सांगितलं. सही माझ्या आजीची आहे म्हटल्यावर त्यांनी मला या कामातून बाजूला केलं. बरोबरच आहे त्यांचं. म्हणजे चौदा तारखेला मी तिथे नसेन. दुसरं ते असं म्हणाले की माझ्या तोंडून ऐकलेल्याला किंमत नाही. जिने वाचलं तिनेच उभं राहून सांगायला हवं.

सुनावणीचा निरोप गल्लीत घरोघर येणार आहे. मोठी आजी जाणारच, तू कितीही पेपर गाळलास तरी. मग तिने हे तिथे, माइकवरून, चारशे लोकांत पहिल्यांदा ऐकायचं का?

खालच्या ओळी तिला मोठ्याने वाचून दाखव. आता तुला सगळी अक्षरं येतात. अंदाज बांधू नकोस.

मोठी आजी, तुझ्या अंगठ्याच्या वर जे लिहिलं होतं ते धाकटीला वाचता आलं नव्हतं. तिने ते तेव्हा सांगितलं नाही. पाटी लागली तेव्हाही सांगितलं नाही. पुढचं ती सांगेल.

टिटवी


५ मार्च

टिटवे,

तुझं पत्र आठ दिवस पिठाच्या डब्यात होतं. थोरलीला म्हटलं, पोरीचं काही आलं नाही. नवव्या दिवशी निरोप्या आला, सुनावणीचा कागद देऊन गेला. तिने तो माझ्यापुढे धरला. मग मी डबा उघडला.

ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तू लिहिलंस तसं वाचलं, एकही अक्षर गाळलं नाही. मग पुढचंही सांगितलं, नळावरचं आणि पाटीचं. तिने चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, कारण चादर एकटीने घडी होत नाही. दोघींनी घडी घातली. मग म्हणाली, किती दिवस होते म्हणालीस?

मी म्हटलं, तीस.

म्हणाली, त्या तीस दिवसांत मी तुला विचारलं होतं, पाटीवर काय लिहिलंय. आठवतं का?

आठवत होतं.

काय सांगितलं होतंस?

मी म्हटलं, काम चालू आहे, असं सांगितलं होतं.

ती हं म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, पोरीला खोकला झाला होता तो? मी म्हटलं, नव्हता झाला. म्हणाली, आठ दिवस मी त्या खोकल्याच्या काळजीत होते.

बस. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर मी पुरून उरले असते, भांडणात मी कुणाला हार जात नाही. आता माझ्याशी बोलते ते एवढंच, मीठ दे, दिवा लाव. शेकायला पिशवी नेली तर हात पुढे करते आणि स्वतः शेकते, पोचत नाही तिथे सोडून देते. पेपर घेऊन काठी टेकत मास्तरीणबाईंकडे जाते. भिंतीपलीकडून मला ऐकू येतं, म्हणजे त्या माझ्यासाठी नाही पण शाळेत ओरडायची सवय असल्याने खणखणीत वाचतात. सगळी जोडाक्षरं खडाखडा.

चौदाला मी जाणार. ती माझ्याबरोबर येते की वेगळी, ते तिने सांगितलेलं नाही.

आजी


१८ मार्च

टिटवे,

तुझ्या कचेरीतून तुला कळलंच असेल. तरी मी बघितलं ते लिहिते.

वेगळी आली. मास्तरीणबाईंच्या हाताला धरून, माझ्या दोन ओळी पुढे बसली. मोठं सभागृह, गार हवा सोडलेली, आणि समोर पडद्यावर तो कागद. आमचे अंगठे भोपळ्याएवढे दिसत होते. थोरलीच्या अंगठ्याला एका बाजूने पाणी लागून शाई पसरली आहे. ते मी तेव्हा बघितलं नव्हतं.

मला बोलावलं. मी म्हटलं, तो दुसरा शब्द बघा, त्यात एक गाठ आहे. ती मला तेव्हा वाचता येत नव्हती. मी ती गाळून वाचलं आणि या बायांनी ते खरं मानलं. लोक हसले. हसू देत. मी पुढे पाटीचंही सांगितलं, तीस दिवसांचं. कुणी विचारलं नव्हतं. मग हसणं थांबलं.

वाहतूक खात्याचा एक टायवाला उठला. म्हणाला, आजीबाई, तेव्हा एक सांगितलंत, आज एक सांगता, आम्ही कशावर विश्वास ठेवायचा? शेवटी कागद तो कागद.

तेवढ्यात बसलेल्यांत काठी वाजली. थोरली उठत होती. तिला उठायला किती वेळ लागतो तुला माहीत आहे, सगळे थांबून राहिले. तिने माइक घेतला नाही. म्हणाली, साहेब, अंगठा मी हिच्या तोंडाला दिला होता, तुमच्या कागदाला नाही. हिने पूल वाचला, माझा अंगठा पुलावर आहे. तुमच्या त्या दुसऱ्या शब्दावर माझा अंगठा नाही. पुसून घ्या.

मागून आणखी पाच म्हाताऱ्या उठल्या. तेवढ्याच उरल्या आहेत. पुसून घ्या, पुसून घ्या. खुर्चीवरच्या बाईंनी लिहून घेतलं. तो कागद फायलीतून काढला. पूल लगेच पडणार नाही. आमच्या गल्लीपाशी उतरणारा उतार तेवढा मेपासून तीन महिने बंद ठेवणार, भिंतीला दार पाडणार, आणि गाड्यांचं काय होतं ते बघून पुढचं ठरवणार. तुझ्या नकाशांनी काय ते आता करावं.

येताना तिने मला रिक्षात घेतलं. मला वाटलं, सुटलं. मी म्हटलं, जाऊबाई, तुम्ही आज माझी लाज राखलीत. ती बाहेर बघत म्हणाली, ते त्यांचं होतं, ते त्यांना सांगितलं. त्या तीस दिवसांचं माझं अजून ठरलेलं नाही.

ठरवायला तिने अडतीस वर्षं घेतली तरी मला बोलायला तोंड नाही.

आज सकाळी चहा झाल्यावर तिने पेपर माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, मास्तरीण वाचताना फार पळते. तू वाच. पण बोट ठेवून वाच. मग शेजारी येऊन बसली, चष्मा लावून. तिला काय दिसणार, म्हटलं. पण ती माझ्या बोटाकडे बघत होती. बोट जास्त अक्षरांवरून गेलं आणि तोंडून कमी निघालं की म्हणायची, परत. अख्खं पान असं वाचून घेतलं. घामाने माझी पाठ भिजली.

खाली उताराची बातमी होती. उड्डाणपुलाचा उतार मेपासून बंद. बोट दुसऱ्या अक्षरावर आलं तेव्हा तिने ते धरून ठेवलं.

म्हणाली, हेच का ते?

मी म्हटलं, हेच.

बराच वेळ वाकून बघत राहिली. मग म्हणाली, एवढंसं तर आहे.

आजी